जुनी सहा फुटी समुद्री टाकी घरी आणण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत साधारण पंचवीस वर्षांची आहे. गोड्या पाण्याची तीन फुटी टाकी मी गेली आठ वर्षे सांभाळतो आहे. माझ्या परिचयातले एक गृहस्थ महिनाअखेरीस परदेशी जाणार आहेत आणि त्यांची सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी मला ८५,००० रुपयांना देऊ करत आहेत. त्यात लोखंडी स्टँड, खालची संप टाकी (पाणी गाळून वर परत पाठवणारी), स्किमर (फेसावाटे घाण काढणारे यंत्र), चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) आणि दिवे आहेत. शिवाय एक निळा टँग, क्लाउनफिशची जोडी, पाच-सहा डॅमसेल असे मासे, एक क्लीनर झिंगा, दगड आणि दगडांवर वाढलेली काही प्रवाळे आहेत. एका रविवारी टेम्पो करून सगळे एकदमच न्यावे, वाळू आणि पाणीही तेच वापरावे, म्हणजे टाकी त्याच रात्री चालू होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. पत्नीला फरशीची काळजी वाटते, आईला विजेच्या बिलाची, आणि सात वर्षांची मुलगी रोज विचारते की मासे कधी येणार. टाकी घ्यावी का, आणि घेतली तर कशी आणावी?

उत्तर :

स. न. वि. वि.

आपले पत्र मी दोनदा वाचले. टाकी घ्यायला माझी हरकत नाही. आठ वर्षे गोड्या पाण्याची टाकी नीट सांभाळणाऱ्या माणसाकडे या छंदाला लागणारी चिकाटी असते, ती बाहेरून आणावी लागत नाही. हरकत आहे ती त्या एका रविवारची. काचेची पेटी, तिच्यातली यंत्रे आणि तिच्यातले जीव हे तीन वेगळे व्यवहार आहेत. ते तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळी चौकशी करून व्हायला हवेत. महिनाअखेरीची मुदत त्या गृहस्थांची आहे. तिच्यासाठी माशांनी आणि आपल्या घराने किंमत मोजावी असे मला वाटत नाही.

सुरुवात पत्नीच्या शंकेपासून करतो, कारण ती सर्वांत रास्त आहे. ६ × २ × २ फुटांची टाकी म्हणजे २४ घनफूट, म्हणजे काठोकाठ भरल्यास सुमारे ६८० लिटर पाणी. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडे जड असते, त्यामुळे नुसते पाणीच ७०० किलोच्या घरात जाते. १२ मिलिमीटर काचेची ही पेटी रिकामीच १२० किलोच्या आसपास भरते. त्यात दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि भरलेली संप टाकी मिळवली की एकूण वजन ११०० ते १२०० किलो होते, आणि हे सगळे जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर उभे राहते. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५, भाग २ मध्ये धरलेला भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो आहे. टाकीखालच्या जागेवर त्याच्या पाचपट भार येणार, आणि तोही पाहुण्यांसारखा संध्याकाळी उठून जाणारा नव्हे, तर वर्षानुवर्षे तिथेच बसून राहणारा.

याचा अर्थ स्लॅब कोसळेल असा नाही. मानकातला आकडा साऱ्या खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, आणि टाकी नेमकी कुठे ठेवली आहे यावर बरेच काही ठरते. खाली बीम असलेल्या भिंतीला लागून, शक्यतो कॉलमच्या जवळच्या कोपऱ्यात ठेवलेली टाकी ही खोलीच्या मध्यभागी ठेवलेल्या टाकीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. पण बीम कुठे आहे, स्लॅबच्या सळया कोणत्या दिशेने गेल्या आहेत आणि पंचवीस वर्षांत त्या कितपत गंजल्या आहेत, हे आपण अंदाजाने सांगू शकत नाही, आणि मी इथे बसून तर मुळीच सांगू शकत नाही. सोसायटीकडून इमारतीचे आराखडे मागून घ्या आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावून जागा दाखवा. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या छताला तडे किंवा ओल आहे का, हेही त्यांच्या परवानगीने त्याला पाहू द्या. त्याचे उत्तर लेखी घ्या. बंद करून खोलीत घेतलेल्या बाल्कनीत टाकी ठेवण्याचा विचार असेल, तर तो आजच सोडून द्या. बाल्कनी एका बाजूने अधांतरी असते आणि तिच्यावर असा भार टाकणे धोक्याचे आहे. इंजिनिअर नाही म्हणाला तर हा विषय तिथेच संपतो, आणि चार फुटी टाकीतही समुद्र उत्तम उभा राहतो.

दुसरी गोष्ट प्रवाळांची. ती आपल्या पत्रात एका ओळीत येऊन गेली आहे, पण माझ्या दृष्टीने सगळ्यांत गंभीर तीच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली खडक बांधणारी सर्व दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. समुद्रघोडेही त्याच वेळी त्या यादीत आले. म्हणजे कायद्याच्या नजरेत फांदीदार प्रवाळाचा तुकडा वाघाच्याच अनुसूचीत बसतो. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइटिस’ करारात नोंदलेल्या प्रजातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंद सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. दगडी प्रवाळांचे सगळे कुळ त्या करारात आहे.

‘ही आयात केलेली आहेत’, असे ते गृहस्थ म्हणतील, आणि त्यांना मनापासून तसे वाटतही असेल. आपण त्यांच्याकडे आयात परवान्याची प्रत आणि खरेदीची पावती मागावी, आणि ती घेऊन पैसे देण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारावे. कागद नसतील तर दगडी प्रवाळ घेऊ नये, फुकट दिले तरी घेऊ नये. हाच प्रश्न दगडांबाबतही विचारा. बाजारात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून मिळणारा दगड बहुतेकदा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाच असतो, आणि तो आपल्याच किनाऱ्यावरून उपटलेला असेल तर तो कायद्याच्या कक्षेबाहेर राहत नाही. भाजलेल्या सिरॅमिकचे बनवलेले दगड आता सहज मिळतात. दोन-तीन महिन्यांत त्यांच्यावर जांभळ्या-गुलाबी शेवाळाचे थर चढू लागतात आणि पाहणाऱ्याला फरक कळेनासा होतो.

हे मी केवळ कायद्याच्या धाकाने लिहीत नाही. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोके घालून ज्याने प्रवाळ पाहिले आहे, त्याला त्याचा तुकडा घरातल्या पेटीत पाहावासा वाटणार नाही असे मला मनापासून वाटते. मुलीला एकदा तिथे घेऊन जा. छत्री प्रवाळ, बटण प्रवाळ, चामडी प्रवाळ अशी जी मऊ प्रवाळे छंदाच्या टाक्यांत दिसतात, ती दगडी प्रवाळांच्या कुळात मोडत नाहीत. ती वाढवायलाही सोपी आहेत आणि एका घरातून दुसऱ्या घरात कापून देता येतात. तरीही पावती घ्या, आणि वनविभागात जाल तेव्हा त्यांच्याबद्दलही विचारून या.

बटण प्रवाळांवरून एक सावधगिरीची सूचना इथेच देऊन ठेवतो, कारण ती जिवाशी गाठ आहे. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. जुने दगड ‘निर्जंतुक’ करण्यासाठी लोक ते मोठ्या पातेल्यात उकळतात किंवा उकळते पाणी ओतून ब्रशने घासतात. वाफेबरोबर ते विष हवेत मिसळते, आणि अशा घरांतली सबंध कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याची प्रकरणे परदेशांत नोंदलेली आहेत. आलेला एकही दगड उकळू नका. हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल त्या दिवशी टाकीत हात घालू नका, आणि हे काम चालू असताना मुलीला त्या खोलीत येऊ देऊ नका.

या दोन्ही गोष्टी मार्गी लागल्या की मग टाकी पाहायला जा. जाताना बॅटरी, मोजपट्टी, थर्मामीटर आणि तांब्याची चाचणी करणारे किट सोबत ठेवा. टाकी भरलेली असतानाच पाहा. काचेच्या खालच्या कडेवरून, चारही कोपऱ्यांत बोट हळूच फिरवा. कुठे बोटाला मिठाचा पांढरा, खरखरीत पापुद्रा लागला तर तो पुसून टाका आणि अर्ध्या-पाऊण तासाने तिथे पुन्हा बोट लावून पाहा. ओलसर लागले तर तिथून पाणी झिरपते आहे. मग दोन काचांच्या मधल्या सिलिकॉनवर तिरपा उजेड टाका. त्यात बुडबुडे, पांढुरके पट्टे किंवा कडेपासून आत गेलेली फट दिसली तर टाकीचा सांधा सुटू लागला आहे. आतल्या कोपऱ्यातली सिलिकॉनची गोलाई ही फक्त पाणी अडवते, टाकीला धरून ठेवणारा थर दोन काचांच्या मध्ये असतो. म्हणून ‘आतून नवे सिलिकॉन मारून देतो’ हे उत्तर अशा वेळी पुरेसे नसते. टाकीचे वय विचारा. दहा वर्षांच्या पुढची असेल तर मी तरी सर्व काचा सोडवून पुन्हा जोडून घेतल्याशिवाय ती तिसऱ्या मजल्यावर चढवणार नाही, आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागेन.

त्यानंतर एक प्रश्न सरळ विचारा, आणि उत्तर ऐकताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहा : या टाकीत माशांवर कधी तांब्याचे औषध वापरले आहे का? पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर ते औषध सर्रास वापरतात. माशांना ते सोसते, पण झिंगे, गोगलगायी आणि प्रवाळे यांना तांब्याचा अंशही मारक ठरतो. दगड आणि वाळू ते तांबे शोषून घेतात आणि पुढे कितीतरी महिने पाण्यात सोडत राहतात. टाकीत क्लीनर झिंगा सुखाने फिरतो आहे ही चांगली खूण आहे, पण तो तिथे किती दिवसांपासून आहे तेही विचारा. शंका वाटली तर एक दगड आठवडाभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून त्या पाण्याची चाचणी करा.

यंत्रांपैकी चिलरकडे सर्वाधिक लक्ष द्या. समुद्री टाकीचे तापमान २५-२६ अंशांवर ठेवायचे असते, आणि एप्रिल-मे मध्ये पुण्याचा पारा चाळिशीकडे जातो तेव्हा चिलर नसेल तर टाकीतले पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. चिलर आपल्या समोर तासभर चालवून तापमान खरोखर उतरते का ते पाहा. टेम्पोत तो आडवा ठेवू नका आणि घरी आणल्यावर एक दिवस उभा ठेवून मगच चालू करा. टाकीखालच्या बंद कपाटात तो कोंडू नका, कारण आतली उष्णता त्याला बाहेरच टाकायची असते. दिवे जुने ट्यूबचे असतील तर त्यांची किंमत धरू नका. स्किमर आणि पंप व्हिनेगर घातलेल्या पाण्यात एक रात्र भिजवले की बहुधा पुन्हा नव्यासारखे चालतात.

आता वाळूबद्दल. ती घेऊ नका. २०११ साली एका मित्राची चार फुटी टाकी आम्ही अशीच एका दिवसात हलवली होती. तळाला चार इंच जुनी वाळू होती. ती बादल्यांत भरली, नव्या घरी तशीच ओतली आणि वर पाणी भरले. ओतताना कुजलेल्या अंड्यांसारखा वास आला, पण रात्रीचे अकरा वाजले होते, सगळे दमलो होतो, आणि तो वास समुद्राचाच असेल असे आम्ही एकमेकांना सांगितले. सकाळी सहा वाजता मित्राचा फोन आला. चार मासे तळाशी पडले होते, आणि पाचवा पृष्ठभागाशी तोंड लावून श्वास घेत होता. दुपारपर्यंत तोही गेला. जाड वाळूच्या खालच्या थरांत प्राणवायू पोहोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो, आणि वर्षानुवर्षे मुरलेली घाण ढवळली गेली की अमोनियाही एकाएकी वाढतो. त्यातला कोणता घाव आधी बसला ते आम्हाला कळले नाही. त्या दिवसापासून मी जुनी वाळू कुणालाही आणू देत नाही. नवी अ‍ॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू धुऊन एक-दीड इंचाचा थर द्या. तेवढी पुरे होते.

पाण्याबद्दलही लोकांचा असाच गैरसमज आहे. अमोनिया पचवून टाकीला जिवंत ठेवणारे जिवाणू पाण्यात फार थोडे असतात. ते दगडांच्या सच्छिद्र पोटात आणि संप टाकीतल्या सिरॅमिक कड्यांवर वस्ती करून असतात. म्हणून जपून आणायची ती दगडांची आणि कड्यांची ओल. दगड टाकीच्याच पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या टबात ठेवा. असे ते दोन-तीन तास चांगले राहतात. जुने पाणी आणायचेच तर माशांना फरक कमी जाणवावा एवढ्यासाठी, वरचे स्वच्छ असे एकतृतीयांश आणा. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दहा-बारा जार त्याला पुरतील.

मग महिनाअखेरीची मुदत आणि घाई न करण्याचा माझा आग्रह यांचा मेळ कसा घालायचा? ३०० लिटरचा, अन्नपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लास्टिकचा एक टब आजच घ्या आणि तो घराच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. वजनाचा विचार इथेही करा, पण ३०० किलो ही इंजिनिअरला चिंता वाटावी अशी गोष्ट सहसा नसते. त्यात एक वेव्हमेकर (पाणी हलते ठेवणारा पंप), एक हवेचा पंप, थर्मामीटर आणि चिलर जोडा. त्या गृहस्थांकडून आधी जीव, दगड आणि कडी या टबात येतील, आणि टाकी रिकामी, कोरडी होऊन मागून येईल. जीव महिनाभर टबात राहिले तरी चालतात. तेवढ्या वेळात आपण टाकीचे काम कोणत्याही घाईशिवाय करू शकता.

मासे पकडण्यासाठी जाळी घेऊन भरल्या टाकीत झटापट करू नका. आधी दगड काढा, मग पाणी सहा इंचांवर आणा. मासे मग एका मिनिटात हाती येतात. निळा टँग शेपटीच्या मुळाशी काटा बाळगून असतो, तो जाळीत अडकतो आणि त्याला इजा होते, म्हणून त्याला जाळीने नव्हे तर प्लास्टिकच्या डब्याने उचला आणि वेगळ्या बादलीत ठेवा. प्रत्येक बादलीत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवा आणि झाकण हवे. डॅमसेल मी आपल्या जागी असतो तर आणले नसते. ते दिसायला देखणे असतात, पण आपली जागा ठरवून घेतात आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला हुसकावतात. एखादे दुकान ते परत घेत असेल तर ते तिथेच द्या.

टबाचे पाणी जीव येण्याच्या एक दिवस आधी तयार हवे. घरातल्या नळाचे पाणी त्यासाठी चालत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरण यंत्राचेही चालत नाही, कारण चव यावी म्हणून त्या यंत्रात थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळलेले असते. आर.ओ. आणि पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणारा) टप्पा असलेले वेगळे यंत्र घ्या आणि त्यातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य आहे याची मीटरने खात्री करा. यंत्र जे पाणी टाकून देते ते लादी पुसायला आणि शौचालयाला वापरा; पुण्यात पाणी असे वाया घालवणे बरे नाही. त्या शुद्ध पाण्यात समुद्री मीठ लिटरला साधारण ३७-३८ ग्रॅम या प्रमाणात पंपाने ढवळत विरघळवा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) ३५, म्हणजे घनता १.०२६ आणा. त्या गृहस्थांच्या टाकीतले पाणी ३२ असेल तर टबाचे पाणीही आधी ३२ ठेवा आणि आठवडाभरात सावकाश वर न्या. मुंबईच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावरून पाणी आणण्याचा विचार कुणी सुचवेल. शहरांजवळच्या पाण्यात सांडपाणी असते आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरलेला असतो, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

पहिला आठवडा रोज सकाळ-संध्याकाळ अमोनिया तपासा. खाऱ्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो आणि त्या पातळीला अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा अधिक विषारी ठरतो, म्हणून गोड्या पाण्यात चालून गेलेली बेफिकिरी इथे चालणार नाही. थोडाही दिसला तर तयार ठेवलेल्या नव्या पाण्याने एकतृतीयांश पाणी बदला आणि त्या दिवशी खाणे देऊ नका.

तिकडे टाकी. ती आणण्याआधी इमारतीच्या जिन्याचे वळण आणि लिफ्टची खोली मोजा. सहा फुटी काच लिफ्टमध्ये तिरपी बसते की नाही ते आदल्या दिवशी कळलेले बरे. उचलायला काचेचे काम करणारे चार-पाच जण, काच पकडायच्या सक्शन कपांसह बोलवा. घरसामान हलवणाऱ्यांवर हे काम सोपवू नका. स्टँड स्पिरिट लेव्हलने सपाट करा, वर जाड फोम किंवा थर्माकोलचा अखंड तक्ता घाला आणि टाकी ठेवा. मग साध्या पाण्याने एकतृतीयांश भरा, एक दिवस थांबा, दोनतृतीयांश भरा, पुन्हा थांबा, आणि पूर्ण भरल्यावर सात दिवस तशीच राहू द्या. चारही कोपऱ्यांखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवला की रात्रीतून पडलेला एक थेंबही सकाळी दिसतो. याच आठवड्यात पंप चालू ठेवून मध्येच मुख्य बटण बंद करा. वरचे पाणी खाली संप टाकीत किती उतरते ते पाहा आणि तेवढे पाणी तिच्यात मावते की लादीवर येते, ते साध्या पाण्यातच पाहून घ्या. संप टाकीतून वर पाणी आणणाऱ्या परतीच्या नळाला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक छिद्र हवे, नाहीतर पाणी सायफनने उतरतच राहते.

विजेच्या कामात काटकसर करू नका. टाकीला स्वतंत्र लाइन आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, आणि प्रत्येक वायर प्लगपाशी येण्याआधी खाली झोळ घेऊन वर जाईल अशी बांधा, म्हणजे वायरीवरून ओघळलेले खारे पाणी प्लगमध्ये न शिरता झोळातून खाली ठिबकेल. आईंच्या शंकेचे उत्तर मात्र मला प्रामाणिकपणे द्यायला हवे. दिवे, पंप, वेव्हमेकर, स्किमर आणि चिलर मिळून माझ्या हिशेबाने दिवसाला आठ ते दहा युनिट होतात, उन्हाळ्यात त्याहून अधिक. म्हणजे महिन्याला २५० ते ३०० युनिट नव्याने वाढणार, आणि महावितरणच्या आकारणीत १००, ३०० आणि ५०० युनिटांना दर बदलत असल्यामुळे वाढलेली युनिटे वरच्या, महागड्या दराने मोजली जाणार. गेल्या वर्षभराची बिले काढून हा आकडा त्यांच्यासमोर बसून मांडा, आणि त्यांना तो मान्य असेल तरच पुढे जा. इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर चालेल अशी सोय करा. वीज गेल्यावर मासे आधी गुदमरतात, तापमानाचा प्रश्न नंतर येतो.

टाकी कोरडी निघाली की नवी वाळू, नवे खारे पाणी आणि टबातले दगड तिच्यात हलवा. मासे आणखी आठवडाभर टबातच राहू द्या. कड्यांपैकी निम्मी टाकीत आणि निम्मी टबात ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग चार दिवस शून्य दिसले की आधी झिंगा, मग क्लाउनफिश, आणि सर्वांत शेवटी टँग सोडा. टँगबद्दल एक सांगतो : तो पूर्ण वाढला की फूटभर होतो आणि दिवसभर पोहत असतो, म्हणजे सहा फूट ही त्याची किमान गरज आहे. दुसरा टँग घेण्याचा मोह टाळा. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर औषध मुख्य टाकीत कधीही टाकू नका. मासे पुन्हा टबात, दगडांशिवाय, औषधात, आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना. तो टब म्हणूनच काम संपल्यावर विकू नका.

रोजची दोन कामे उरतात. बाष्पीभवनाने दररोज पाच-सात लिटर पाणी उडते. मीठ मागे राहते, म्हणून भर नेहमी गोड्या शुद्ध पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. सवयीने ही चूक पहिल्या महिन्यात जवळजवळ प्रत्येकजण करतो. दुसरे काम म्हणजे खारटपणाची नोंद, आणि ते आपण मुलीला देऊ शकता. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि निळ्या-पांढऱ्या रेषेवरचा आकडा वहीत लिहायचा. टबाचे पाणी तयार होईल त्या दिवसापासून तिला ते सुरू करता येईल, मासे यायची वाट पाहावी लागणार नाही. क्लाउनफिशची जोडी पुढे कधी बदलायची वेळ आली तर समुद्रातून पकडलेली घेऊ नका. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे विकसित केले आहे आणि टाकीत जन्मलेली क्लाउनफिश दुकानांत मिळतात. त्यांना समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) लागतेच असे नाही.

किंमत. वाळू, डॅमसेल, जुने दिवे आणि कागद नसलेली प्रवाळे वजा केली तर ८५,००० रुपये अधिक होतात. काच, स्टँड, संप आणि चालता चिलर यांच्या नव्या किमती दोन दुकानांतून विचारा आणि त्यांच्या निम्म्यावर बोलणी सुरू करा. निम्मे पैसे जीव उचलताना आणि निम्मे टाकी उचलताना द्या. ती प्रवाळे आपण घेतली नाहीत तर ते गृहस्थ ती घाईने दुसऱ्या कुणाला तरी देतील. त्यांनी तसे न करता वनविभागाला कळवावे, असे त्यांना माझ्या वतीने सांगा.

इंजिनिअरचे उत्तर आले आणि तांब्याची चाचणी झाली की मला पुन्हा लिहा. टाकीची बाहेरून मोजलेली मापे आणि पंपाचा ताशी लिटरचा आकडाही पाठवा, म्हणजे संप टाकीत पाण्याची खूण नेमकी कुठे करायची ते मी हिशेब करून कळवीन.